मंडळीचे बळ कशात असते?



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने ख्रिस्ती मंडळीच्या आध्यात्मिक बळावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. मी जन्माने ख्रिस्ती नाही, आणि धर्मशास्त्र कुठल्या विद्यालयात शिकलेलो नाही. जे थोडे वाचले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कारखान्यांच्या फाटकांवर तीस वर्षे संघटना बांधताना एक प्रश्न पुनःपुन्हा समोर आला. कारखान्याला टाळे लागले की भल्याभल्या संघटना दोन वर्षांत विरून जातात. कचेरी असते, फलक असतो, शिल्लकही असते. माणसे मात्र नसतात. आणि त्याच वस्तीच्या मागे, एखाद्या जुन्या गावठाणात, ख्रिस्ती लोकांची मंडळी चारशे वर्षे टिकून आहे. तिच्यावरून तीन राज्ये गेली, साथी गेल्या, शेतावर गिरण्या आल्या, गिरण्या जाऊन मनोरे आले. हे टिकणे कशाच्या जोरावर? या प्रश्नाचा मी माझ्या परीने शोध घेतला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्द पाहू. ‘चर्च’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते: उंच मनोरा, घंटा, रंगीत काचा. बायबलच्या नव्या करारात त्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ इमारत असा नाही. एक्लेसिया म्हणजे हाक देऊन बोलावलेल्या लोकांची सभा. मराठी बायबलकारांनी त्याला ‘मंडळी’ हा शब्द योजला आणि तो फार चांगला योजला. आरंभीच्या काळात या लोकांना देवळे नव्हतीच. ते एकमेकांच्या घरी जमत. तेव्हा मंडळी आधी आली, इमारत मागाहून आली. बळाचा विचार करताना हा क्रम विसरून चालणार नाही.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीचे वर्णन आहे. तिथे चार गोष्टी सांगितल्या आहेत: प्रेषितांची शिकवण, परस्परांची सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. कुणी म्हणेल, यात विशेष ते काय? पण याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. संघटना चालवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते.

यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोज अन्नवाटप होत असे. मंडळीत दोन भाषांचे लोक होते. काही स्थानिक बोली बोलणारे, काही ग्रीक बोलणारे. हे दुसरे बहुधा बाहेरगावाहून येऊन राहिलेले. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकूर केली की, आमच्या विधवा वाटपात वगळल्या जातात. पाहा, मंडळी स्थापन होऊन फार काळ लोटला नाही, आणि भाषेवरून पंक्तिप्रपंच सुरू झाला! आता बारा प्रेषितांपुढे दोन वाटा होत्या. गाऱ्हाणे करणाऱ्यांना फुटीर ठरवणे, ही एक. आमच्या चळवळीत ही वाट फार मळलेली आहे. त्यांनी दुसरी वाट धरली. साऱ्या मंडळीला एकत्र बोलावले आणि सांगितले की, तुमच्यातूनच सात विश्वासू माणसे निवडा, हे काम त्यांच्याकडे देऊ. मंडळीने सात जण निवडले. त्या साताही जणांची नावे ग्रीक आहेत. याचा अर्थ अभ्यासक असा लावतात की, ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसे वाटपावर नेमली गेली. आणि लगेच पुढे लिहिले आहे की मंडळी वाढत गेली.

माझ्या मते या प्रसंगात मंडळीच्या बळाचे मर्म आहे. ज्या मंडळीत धर्माचा भार एकाच्या डोक्यावर नसून अनेकांच्या खांद्यांवर असतो, आणि ज्याच्या वाट्याला कमी आले त्याचे गाऱ्हाणे सर्वांपर्यंत पोचते, ती मंडळी बळकट. आता हे विधान आपल्याच भूमीवर, साष्टी बेटावर, तपासून पाहू.

साष्टी म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचे जुने बेट. आजची उपनगरे त्याच्यावरच वसली आहेत. १५३४ मध्ये वसई आणि तिच्या आसपासचा हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. मागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पंथांचे पाद्री आले. त्या काळाची एक खूण बोरिवलीजवळ मंडपेश्वरला आहे. मंडपेश्वर हे मूळचे शैव लेणे. सोळाव्या शतकाच्या मध्यास अँतोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्याने तिथे ख्रिस्तमंदिर केले आणि लेण्याच्या माथ्यावर मोठी वास्तू उभी राहिली. लेण्यातल्या भिंतीवर कोरलेला क्रूस आजही पाहायला मिळतो. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. राजसत्तेच्या जोरावर दुसऱ्याचे देऊळ घेतले गेले, हा इतिहास आहे. पण पुढे काय झाले, तेही इतिहासच सांगतो.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला सर केला. पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर युरोपीय पाद्री गेले, मठांची उत्पन्ने गेली. मंडपेश्वरची वास्तू ओस पडली, वसईच्या किल्ल्यातली मोठमोठी देवळे उघडी पडली. राजाश्रयाने जे उभारले होते, ते राजाश्रय संपताच ढासळले. सरकारी कृपेवर पोसलेल्या संघटनांचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

आश्चर्य पुढे आहे. साष्टीतले ख्रिस्ती लोक म्हणजे इथलेच शेतकरी, कोळी, भंडारी, कुंभार. त्यांची भाषा मराठी, नेसणे-जेवणे मराठी. पोर्तुगीज गेल्यावर जुन्या धर्मात परतण्याची वाट त्यांना मोकळी होती. मराठ्यांनी त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीकही दिली. म्हणजे जबरदस्ती ना इकडून, ना तिकडून. अशा वेळी माणूस खरोखर काय मानतो ते कळते. त्यांचा मोठा समूह ख्रिस्तीच राहिला. धर्मगुरू उरले ते थोडे, तेही देशी. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी घेतली, तोवर ही माणसे अशीच राहिली होती. पुढे १८८७ मध्ये त्यांनी आपली संस्था काढली आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, त्याला दीडशे वर्षे उलटलेली होती.

त्यांना कशाने धरून ठेवले? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट अशी की, त्यांची प्रार्थना त्यांच्या तोंडी होती. देवळातली उपासना लॅटिनमध्ये चाले आणि ती १९६२ ते १९६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच लोकभाषेत आली. पण घरातला आणि अंगणातला धर्म मराठी होता. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. साष्टी-वसईकडे फ्रान्सिस्को व्हाझ द गिमरायँश या पाद्र्याचे ख्रिस्ताच्या दुःखभोगावरचे मराठी पुराण चालत असे. ते १६५९ मध्ये लिस्बनला रोमन अक्षरांत छापलेले. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापावे लागले, यावरून लोकांना ते हवे होते हे उघड आहे. ओवी अशी गोष्ट आहे की ती पाठ होते. पाद्री गेला, पुस्तक गेले, तरी जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडून ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. आजही अंबोली, चकाला, मरोळ, सहार, गोराई अशा गावठाणांत फिरलात तर चौकाचौकांत दगडी क्रूस दिसतील. त्यांतले बरेचसे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला त्या सुमाराचे आहेत. साथीच्या भीतीने लोक आपल्या आळीतल्या क्रूसापाशी जमून प्रार्थना करीत. या क्रूसांना पगारी पुजारी नसतो. चुना कुणी लावायचा, मेणबत्त्या कुणी आणायच्या, जपमाळ आणि लादीन कुणी सांगायची, मागाहून उकडलेले चणे कुणी वाटायचे, हे आळीतली घरे आपसांत ठरवतात. भाताच्या पहिल्या लोंब्या देवळात नेण्याचा ‘आगेरा’ हा सण ऑक्टोबरच्या आरंभी होतो. शेते गेली, तरी काही गावठाणांत तो चालू आहे. वरवर पाहता ही बारीकसारीक कामे. पण चणे उकडणाऱ्या बाईला वाटते की ही मंडळी माझी आहे. देवळात मागच्या बाकावर बसून निघून जाणाऱ्या माणसाला तसे वाटेलच असे नाही.

तिसरी गोष्ट सवयीची, आणि इथे आम्ही कामगारवाल्यांनी कान धरावा. आमची सभा भरते ती मागणी असेल तेव्हा. बोनस मिळाला की सभा संपली. त्यांची सभा दर रविवारी भरते, मागणी असो वा नसो. सुखात भेटत राहिलेली माणसे दुःखात एकमेकांना शोधत बसत नाहीत. ती आधीच शेजारी बसलेली असतात.

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते, याचा पुरावा अंधेरी पूर्वेला आहे. मरोळजवळ कोंदिवटे गावात जेझुइटांनी १५७९ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाने देऊळ बांधले. अडीचशेहून अधिक वर्षे ते नांदते होते. १८४० मध्ये गावात साथ आली आणि गाव उठले. लोक मरोळला आले. येताना मूर्ती, सामान, बाप्तिस्म्याचे कुंड, एवढेच काय, देवळाचे खांबसुद्धा घेऊन आले आणि नवे देऊळ उभे केले. जुन्या देवळाच्या भिंती मागे उभ्या राहिल्या. १९७३ मध्ये तिथे निर्यातीच्या कारखान्यांची सीप्झ वसाहत झाली. आज ते भग्न देऊळ तिच्या कुंपणाच्या आत आहे आणि एरवी तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही. तरीही वर्षातून एकदा, मे महिन्यात, आसपासचे ख्रिस्ती लोक तिथे जमून मिस्सा करतात. छप्पर नसलेल्या भिंतींत, उन्हात. जी मंडळी साथीत गाव सोडताना खांब वाहून नेते आणि मागे राहिलेल्या भिंतींनाही विसरत नाही, तिचे बळ दगडात नव्हते हे सांगायला नको.

याचा अर्थ सारे गोड होते असा नव्हे. मंडळी आतून कशी पोखरते, तेही मुंबईने पाहिले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथल्या कॅथलिकांवर दोन अधिकार चालू झाले. काही देवळे पोर्तुगालच्या राजाच्या पद्रुआदो अधिकाराखाली, काही रोमच्या प्रोपागांदा कचेरीखाली. एकाच शहरात दोन धन्यांचे दोन पक्ष. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल देवळाच्या ताब्यावरून भांडण इतके विकोपाला गेले की, बिशप हार्टमान आपल्या लोकांसह आत आणि विरोधी पक्ष बाहेर, असा चक्क वेढा पडला. शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले. दुहेरी अधिकाराचा हा घोळ १९२८च्या करारापर्यंत मिटला नाही. देव एक, प्रार्थना एक, आणि भांडण किल्ल्यांचे! एका कारखान्यात दोन युनियन झाल्यावर काय होते ते मला ठाऊक आहे. लढाई मालकाशी राहत नाही, ती फलक कुणाचा यावर येते. जिथे भार वाटून घ्यायचा त्याऐवजी अधिकार वाटून मागितला जातो, तिथे माणसे देवळात असली तरी मंडळी नसते.

दुसरी कीड श्रीमंती-गरिबीची. करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, याबद्दल कडक शब्द आहेत. प्रभुभोजनासाठी सारे जमत, पण सुस्थित लोक आपले आणलेले आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल म्हणतो की, हे तुमचे जमणे प्रभूचे भोजनच नव्हे. लक्षात घ्या, तिथे प्रार्थना होती, गाणी होती, प्रवचने होती. तरीही, एक माणूस उपाशी राहिला तर उपासनाच खोटी पडते, असा त्याचा निवाडा आहे. आध्यात्मिक आणि व्यवहारी असे दोन वेगळे कप्पे त्याने केलेले नाहीत.

ख्रिस्ती माणूस इथे मला थांबवील. तो म्हणेल, “तुम्ही कामाच्या वाटणीचे बोलता, आमचे बळ तर पवित्र आत्म्याचे आहे.” मी ते नाकारीत नाही, तो माझा अधिकारही नाही. मनोरीच्या कोळ्याला विचारा. वारा देवाचा असतो, तो माणसाला निर्माण करता येत नाही. पण शीड उभारणारे हात नसतील तर वारा असून नाव जागची हलत नाही. उलटही खरे आहे. प्रार्थना सुटली आणि नुसती मदत उरली, तर मंडळीची सोसायटी होते. सोसायटी वाईट नव्हे, पण तिचे सभासद लाभ संपला की गळतात. माझ्या क्षेत्रात ते मी वारंवार पाहिले आहे.

बळकट मंडळीची आणखी एक खूण अशी की, तिच्यातून माणसे बाहेर पडतात आणि सर्वांच्या कामी येतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांना घेऊन सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने संस्था काढली. नियम साधा होता: गरिबाला बोलावून दान द्यायचे नाही, स्वतः त्याच्या घरी जायचे. तिच्या शाखा मुंबईच्या देवळांतूनही काम करतात. १९२५च्या सुमारास बेल्जममध्ये जोझेफ कार्डाइन या धर्मगुरूने तरुण कामगारांची चळवळ उभी केली. त्याने शिकवलेली रीत तीन शब्दांची: पाहा, पारखा, करा. कामगार शिबिरात याहून चांगला पाठ मला देता आलेला नाही. आणि आपल्या घरचेच उदाहरण द्यायचे तर माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले जोसेफ उर्फ काका बाप्टिस्टा. ईस्ट इंडियन ख्रिस्ती, लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष. आणि १९२०ला मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस जन्मली तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी कामगाराचा धर्म विचारला नाही.

आता आजची परिस्थिती. २०२०च्या मार्चमध्ये साथीमुळे सारीच प्रार्थनास्थळे बंद झाली. १७३९ आणि १८४० नंतर या मंडळींवर दार बंद होण्याची ही आणखी एक पाळी. मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर आली. ज्या आळीत क्रूसापाशी जमण्याची सवय होती, तिथे कोण एकटे राहते, कुणाला औषध हवे, हे शेजाऱ्यांना आधीच ठाऊक होते. जिथे ओळख फक्त रविवारच्या बाकापुरती होती, तिथे पडदा काळा झाला की संबंधही संपला.

दार पुन्हा उघडले. प्रश्न मात्र संपला नाही. गावठाणांवर विकासकांचा डोळा आहे. जुनी घरे पाडून मनोरे होत आहेत, आणि आळीतली दहा घरे दहा मजल्यांवर पांगत आहेत. उपनगरांतल्या देवळांत आज गोवा, मंगळूर, केरळ, तमिळनाडू, झारखंड इथून आलेली माणसे आहेत. एकाच देवळात तीन-चार भाषांत उपासना होते. म्हणजे यरुशलेमच्या विधवांचा प्रश्न अंधेरीत आणि मुलुंडमध्ये पुन्हा उभा आहे. शेजारपाजारच्या दहा-वीस कुटुंबांचे लहान समूह करून घरोघरी जमण्याचा प्रयत्न बऱ्याच देवळांनी चालवला आहे. तो योग्य दिशेचा आहे असे मला वाटते. कारण मंडळीचा आरंभ घरातच झाला होता. मात्र असा समूह केवळ वरून आलेल्या सूचनेने भरत असेल, तर तो आमच्या कागदावरच्या गेट-कमिट्यांसारखा होईल.

तेव्हा मंडळीचे बळ मोजायचे कसे? रविवारची गर्दी, सणाची रोषणाई, नव्या इमारतीचा निधी, ही मापे अपुरी आहेत. त्याऐवजी असे विचारावे. धर्मगुरू महिनाभर नसले तर प्रार्थना कोण चालवील? मंडळीतल्या किती जणांच्या हाती काही ना काही काम आहे? दोन घरांचे भांडण झाले तर ते कचेरीपर्यंत जाण्याआधी मिटवणारे कुणी आहे का? नवा आलेला माणूस कितव्या रविवारी नावाने ओळखला जातो? जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही हेच प्रश्न आपापल्या मंडळाला, संघटनेला, सोसायटीला विचारून पाहावेत. उत्तरे बोचतील, मला बोचली आहेत.

आणि यांतले काही जमले नाही, तर एकच परीक्षा करावी. आपल्या वस्तीच्या शेवटच्या खोलीत कंत्राटी कामगाराची विधवा राहते असे समजा. तिची भाषा वेगळी आहे, ती मागच्या बाकावर बसते, आणि मदतीच्या यादीत तिचे नाव राहून गेले आहे. तिचे गाऱ्हाणे साऱ्या मंडळीच्या कानांवर पोचायला किती दिवस लागतात, ते मोजून पाहावे.